उजवीकडून थोडं कापा

“टाचा बघा टाचा! एकेक भेग मोजून घ्या,” माहुलीकर सर पडद्याजवळ जाऊन छडी टेकवत म्हणाले. “याला म्हणतात शार्पनेस.”

छडीचं टोक माझ्या वडिलांच्या टाचेवर होतं.

कराडातल्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानावर जी खोली होती, तिथं आमच्या फोटोग्राफी क्लबची बैठक भरायची. सगळे हौशी. कुणी वकील, कुणी प्राध्यापक, कुणी औषधांच्या दुकानाचा मालक. मी पतसंस्थेत नोकरीला. प्रत्येकानं एक फोटो आणायचा, तो नाव न सांगता पडद्यावर लावायचा आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची. नियम दोनच. फोटो ज्याचा असेल त्यानं तोंड उघडायचं नाही, आणि बोलणाऱ्यानं तांत्रिक बोलायचं, गोष्टी सांगायच्या नाहीत. दोन्ही नियम माहुलीकर सरांचे. सर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. धरण बांधावं तसा त्यांनी क्लब बांधला होता.

मला ते नियम आवडायचे, हे आधी सांगून टाकते. दिवसभर कर्जदारांशी गोड बोलून जीभ चिकट झालेली असायची. अशा वेळी कुणीतरी तोंडावर ‘हा फोटो टाकाऊ आहे’ म्हणालं की बरं वाटायचं. माझ्या घाटाच्या पायऱ्यांच्या फोटोचं तर त्यांनी पार भरीत केलं होतं. मी चिडून तो पुन्हा काढला, परत काढला, आणि शेवटचा खरंच चांगला आला. पुढच्या रविवारच्या प्रदर्शनात तो लागणार होता.

पण त्या दिवशी पडद्यावर अण्णा होते.

दगडावर बसलेले, पायजमा गुडघ्यापर्यंत ओढलेला, टोपी मांडीवर. पाय अनवाणी आणि धुळीनं पांढरे. दाढीचे खुंट वाढलेले. डोळे चौकटीबाहेर कुणाकडे तरी लागलेले आणि उजवा हात पुढे पसरलेला, तळवा वर करून. फोटो काळा-पांढरा होता. खाली नाव होतं : ‘नकोसा’.

“तो हात चौकटीच्या कडेला संपतोय बघा,” मराठीचे प्राध्यापक रेठरेकर म्हणाले. “देणारा दिसतच नाही. म्हणजे देणारा कुणी नाहीच! वा!”

“पोटात दोन दिवस अन्न नसणार,” औषधवाले म्हणाले.

अण्णा माझ्याकडे आल्यापासून रोज सकाळी तीन भाकरी खात होते आणि वर कालवणात मीठ कमी आहे म्हणून मला सुनावत होते.

मला तो दगड ओळखू आला. एसटी स्टँडच्या फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली आहे तो. त्याच्या समोर, हातभर अंतरावर, केरबा सातपुते चपला शिवायला बसायचा. अण्णा आठवड्यातून दोनदा तरी त्याच्याकडे जायचे. चप्पल शिवायची असो वा नसो. त्यांच्या कापशी चपलांचा तळ केरबानं इतक्या वेळा बदलला होता, की मूळची चप्पल म्हणून तिच्यात काही उरलंच नव्हतं. नवी घ्या म्हटलं की म्हणायचे, “चप्पल टाकायची नसती, तळ बदलायचा असतो.”

मी उभी राहिले. “उजवीकडे काय होतं?”

“म्हणजे?” सरांनी छडी खाली घेतली.

“या फोटोच्या उजवीकडे. जे कापलंय ते.”

“शालनताई, चौकटीबाहेर काय होतं हा प्रश्न इथं नसतो. चौकटीत आहे त्यावर बोला. तांत्रिक.”

“चौकटीत माझे वडील आहेत.”

मग सगळ्यांच्या माना दंतवैद्य खटावकरांकडे वळल्या आणि फोटो कुणाचा ते मला कळलं. पण खटावकर हाताची घडी घालून गप्प. नियमच होता ना तोंड न उघडायचा! असा सोयीचा नियम मी आजवर दुसरा पाहिला नाही.

“बोला की डॉक्टर,” मी म्हटलं.

सरांनी मान हलवून परवानगी दिली तेव्हा डॉक्टर बोलले, “मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं. पण तुम्ही त्यांना वडील म्हणून बघू नका. ते एक प्रतीक आहेत.”

“कशाचं?”

“आजच्या काळातल्या वृद्धत्वाचं.”

“ते चप्पल शिवून घेत बसलेत! चप्पल समोरच्या माणसाच्या हातात आहे म्हणून पाय अनवाणी आहेत.”

“ते फोटोत दिसत नाही,” रेठरेकर म्हणाले.

“कारण तुम्ही कापलंय!”

“आवाज खाली,” माहुलीकर सर म्हणाले. “हे बघा, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. चेहरा तसा कुणाला ओळखू येण्यासारखा नाही. आमच्यापैकी ओळखला का कुणी?”

तिथं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवाळीनंतर क्लबची एक बैठक माझ्या घरी झाली होती. चहाचा ट्रे अण्णांनी बाहेर आणला होता. “सर, त्या दिवशी तुम्हाला चहा कुणी दिला? बिनसाखरेचा वेगळा करून आणला होता तो?”

सर चष्मा पुसायला लागले. त्यांना गडी वाटला असणार.

“फोटो मागे घ्या,” मी म्हटलं.

“निमंत्रणपत्रिकेवर छापलाय तो,” सर म्हणाले. “नाव फार टोचत असेल तर ‘प्रतीक्षा’ करू. काय डॉक्टर?”

डॉक्टरांनी नाक मुरडलं. “धार जाते हो त्यातली.”

“मग एक करा,” सर मला समजावत म्हणाले, “रविवारी वडिलांना आणू नका. म्हणजे प्रश्नच मिटला.”

चोर तो चोर आणि वर शिरजोर. मी पर्स उचलली आणि जिना उतरले.

घरी आल्यावर मोबाइलवर क्लबचा ग्रुप उघडला. मधे नणंदेच्या मुलीच्या लग्नाच्या धावपळीत मी तो बघितलाच नव्हता. वर वर सरकवत गेले आणि सापडलं. खटावकरांनी मूळ फोटो टाकला होता, खाली लिहिलं होतं, ‘प्रामाणिक मत हवंय. झोडपा.’

मूळ फोटोत केरबा होता. फाटक्या छत्रीखाली बसलेला, गुडघ्यावर अण्णांची चप्पल. चिमूट अण्णांच्या तळव्यावर धरलेली, आता सोडणार अशी. तंबाखू! आमच्या घरच्या डॉक्टरनं ती बंद करायला सांगून वर्ष झालं होतं. माझ्यासमोर बडीशेप चघळत बसणारा हा माणूस तिकडं झाडाखाली चुना मळून घेत होता. आणि दोघं असे हसत होते की बघणाऱ्यालाही हसू यावं. उरलेल्या अर्ध्या फोटोत अण्णांचं ते हसू राहिलंच नव्हतं. समोर माणूस नसला की हसणारं तोंड रडल्यासारखं दिसतं, हे मला तेव्हा कळलं.

त्याखाली प्रामाणिक मतं होती. ‘उजवीकडे फार गर्दी.’ ‘दुसरा माणूस लक्ष खेचतोय.’ ‘ती छत्री डोळ्यात खुपते.’ आणि माहुलीकर सर : ‘उजवीकडून थोडं कापा. मग बघा फोटो कुठल्या कुठे जातो.’

पुढच्याच मिनिटाला कापलेला फोटो, आणि टाळ्याच टाळ्या. मग, ‘नाव सुचवा.’ रेठरेकर प्राध्यापक, मराठीचे. त्यांनी सुचवलं.

नाव नुसतं वाईट असतं तर मी भांडून गप्प बसले असते. पण नेमका तोच शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नव्हतं.

मी एकुलती एक. आई गेल्यावर गावचं घर बंद करून अण्णांना कराडला आणायला मला फार झगडावं लागलं. मुलीच्या दारात राहायचं म्हणजे काय, असं त्यांचं होतं. आयुष्यभर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढलेला माणूस. आपला भार कुणावर किती पडतो ते सारखं तोलत बसायचा. शेवटी आले ते एक कापडी पिशवी घेऊन. तिच्यात दोन सदरे आणि गावच्या घराची किल्ली. पिशवी खुंटीला अडकवली आणि मला म्हणाले, “मी जड झालो तर बोलायचं न्हाई. नुसतं पिशवीकडं बघायचं. मला कळंल.”

तेव्हापासून मी त्या पिशवीकडे बघत नव्हते. खोली झाडतानासुद्धा मान खाली घालून झाडायची. आमचे हे एकदा म्हणाले, पिशवी धुऊन टाकू या का, तर मी त्यांच्या अंगावर ओरडले.

आणि आता गावभर लागणार होतं, नकोसा.

“शालन, पत्रिका आली न्हाई व्हय गं अजून?” अण्णांनी बुधवारी जेवताना विचारलं.

“कसली?”

“परदर्शनाची. तुझा घाटाचा फोटू लागणार न्हवं? केरबाला बोलून बसलोय मी. त्यो धंदा बंद ठेवून येतोय.”

“गर्दी असते अण्णा. नंतर निवांत जाऊ.”

“नंतर कशाला? पोरीचा फोटू लागायचा आन बापानं नंतर जायाचं?” ते भाकरी मोडता मोडता थांबले. “का, आमी आलेलं बरं दिसंना व्हय तिथं?”

आणि त्यांनी पिशवीकडे बघितलं. त्यांनी! मी नाही.

“या,” मी म्हटलं. “दोघंही या. सकाळीच या.”

येणारच होते तर त्यांनी सगळा फोटो बघावा, एवढंच मी ठरवलं. मोबाइलमधला मूळ फोटो घेऊन स्टुडिओत गेले आणि फक्त कापलेला भाग छापून मागितला, प्रदर्शनातल्या फोटोंच्या उंचीचा. स्टुडिओवाला म्हणाला, “ताई, मोबाइलवरून आलेला आहे, फुटंल.” म्हटलं, फुटू दे.

प्रदर्शनात आम्हा बायकांकडे रांगोळी आणि गुलाबपाणी असायचं. फोटोंची मांडणी पुरुषांकडे. एरवी मला याचा राग यायचा. त्या दिवशी उपयोग झाला. रांगोळीच्या निमित्तानं मी सगळ्यांच्या आधी शाळेच्या हॉलमध्ये गेले. फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेले होते, चौकटी नव्हत्या. ‘नकोसा’ दारासमोरच लावला होता, मानाच्या जागी. त्याच्या उजव्या कडेला मी केरबा चिकटवला. तळव्याला चिमूट जुळली. केरबा जरा फुटला होता, भुरकट आला होता, पण हसताना दिसत होता. आणि अण्णाही पुन्हा हसायला लागले.

माहुलीकर सर आले, बघत राहिले आणि म्हणाले, “हे काय? याचं रिझोल्यूशन बघा. आणि उजवी बाजू पुन्हा विस्कटली.”

“तांत्रिक बोललात. छान,” मी म्हटलं.

खटावकर धावत आले. “माझ्या कामाला हात लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?”

“तुम्हाला माझ्या बापाला लावायचा कुणी दिला?”

“मी पोलिसात जाईन.”

“जा. फोटो घेऊन जा. पूर्ण.”

ते मी चिकटवलेली पट्टी ओढायला गेले तशी मी मधे उभी राहिले. माझ्या हातात गुलाबपाण्याची दाणी होती आणि ती मी कशी धरली होती कोण जाणे, पण डॉक्टर मागे सरले. लोक जमायला लागले. रेठरेकर दबक्या आवाजात ‘शोभत नाही, शोभत नाही’ म्हणत होते. कुणाला ते त्यांनाच ठाऊक.

तेवढ्यात दारातून अण्णा आणि केरबा आले. अण्णांनी दाढी केली होती. केरबानं पांढराशुभ्र शर्ट घातला होता, इस्त्रीची घडी बाहीवर उभी. त्याला मी शर्टात पहिल्यांदाच बघत होते, एरवी बंडीच असायची. फोटो दिसताच अण्णा थबकले आणि आधी मला बघून ओशाळले. तंबाखू! मग त्यांची नजर खाली नावाच्या चिठ्ठीवर गेली. त्यांनी अक्षरं लावून वाचलं. परत वाचलं. मग जोडाच्या रेघेकडे बघितलं, दोन्ही कागदांचे वेगळे रंग बघितले. वजनकाट्यावरचा माणूस, काय कशाला जोडलंय ते त्यांना समजायला वेळ लागला नाही.

“असं दिसतंय व्हय गं शालन,” ते हळूच म्हणाले, “भाइरनं?”

अण्णांचा चेहरा आता त्या कापलेल्या फोटोतल्यासारखा दिसायला लागला होता.

केरबा पुढे झाला. वाचता त्याला येत नव्हतं. “काय लिवलंय?” त्यानं विचारलं. कुणी सांगेना तेव्हा अण्णांनीच सांगितलं. केरबानं जोडाच्या रेघेवरून अंगठा फिरवला, चामड्याची शिवण तपासावी तसा.

“मग तुमी कशापायी तोंड पाडताय, अण्णा?” तो म्हणाला. “तुमी हाय की फोटूत. नकोसा मी. मलाच कापलंय.”

तो हसत म्हणाला, खरंच. कुणालाही त्यात बोलणं लावून घ्यायचं कारण नव्हतं. मी आठवडाभर बापासाठी तडफडत होते, आणि ज्याला कापला त्याच्या बाजूनं एकदाही विचार केला नव्हता.

अण्णांनी मान वर केली. आई गेल्यापासून मी त्यांना चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

“ह्यो फोटू कुणी काढला?”

“मी, काका,” खटावकर म्हणाले. “तुम्ही गैरसमज करून...”

“ह्यो मानूस दिसला न्हाई व्हय तुमाला?”

“दिसला ना. पण तो फ्रेम डिस्टर्ब करत होता.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. “म्हंजे?”

“म्हणजे आडवा येत होता.”

“कुणाच्या?”

माहुलीकर सर, रेठरेकर, सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. आणि खटावकर! अजून आठवलं की माझे हात शिवशिवतात. डॉक्टरांचे डोळे चमकले, गळ्यातला कॅमेरा वर आला. “काका, अस्से उभे राहा. दोघंही. फोटोसमोर. काय जबरदस्त एक्स्प्रेशन आहे!”

अण्णांनी उजवा हात पुढे केला, तळवा उघडा, फोटोतल्यासारखाच, आणि तो भिंगावर दाबून धरला.

“नाव काय ह्याचं?”

“कुणाचं?”

“ह्याचं! एवढा येळ आमच्या म्होरं उभं राहून फोटू काढलास. एका शबुदानं नाव इचारलंस?” उसाच्या ट्रकवाल्यांना मैदानापलीकडून हाक मारायचा तो आवाज होता, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. “केरबा लक्षिमन सातपुते! ल्ही खाली! आन माझं बी ल्ही. आन ते काय ल्हिवलंय ते काढ!”

कुणी काढायच्या आत त्यांनीच ती चिठ्ठी टरकावली. पाय असा आपटला की चपलेचा अंगठा तटकन तुटला. मग त्यांनी दोन्ही चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी, केरबाला पुढे घालून, सगळ्या हौशी फोटोग्राफरांच्या मधून बाहेर पडले. कॅमेरे सगळ्यांच्या गळ्यात होते. एकानंही फोटो काढला नाही.

माझा घाटाचा फोटो त्यांनी बघितलाच नाही. मी तो काढून घेतला, दोन तुकड्यांतला तो जोडफोटोही घेतला, आणि पुन्हा त्या खोलीचा जिना चढले नाही.

घरी आले तर अण्णा खुंटीपाशी उभे होते. पिशवी त्यांच्या हातात होती.

वर्षभर सांभाळलेलं सगळं विसरून मी पिशवीकडे बघत राहिले. नजर काढता येईना.

“बगतीस काय अशी?” ते खेकसले. राग अजून उतरला नव्हता. “अंगठा तुटलाय. केरबाकडं न्यायला पिशवी नगं?”

त्यांनी पिशवी पलंगावर पालथी केली. किल्ली उचलून फडताळात टाकली, चपला पिशवीत कोंबल्या आणि सदरे माझ्या अंगावर फेकले.

“हे धुऊन टाक. आन तंबाखूचं एक अक्षर बोलायचं न्हाई, सांगून ठिवतो.”

सदऱ्यांना कुबट वास येत होता. मी ते तसेच बादलीत भिजत घातले.